सांडव्यावर दोन फुटांची भिंत घालण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सात मीटर उंच आणि साधारण १२० मीटर लांब असं मातीचं खासगी धरण आहे, वडिलांच्या काळात बांधलेलं. त्यातून पाइपाने साठ घरांना पाणी जातं. उन्हाळ्याच्या शेवटी दोन महिने पाणी पुरत नाही, म्हणून सांडव्यावर, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायच्या वाटेवर, दोन फुटांची दगडी भिंत घालून साठा वाढवायचा विचार आहे. या भिंतीचा पाया किती खोल घ्यावा, असं तुम्ही विचारलं आहे. आणि अगदी शेवटी, सहज म्हणून, लिहिलं आहे की पाइप बाहेर पडतो तिथे खालच्या बाजूला दोन वर्षांपासून ओल असते आणि भरावावर झाडं बरीच वाढली आहेत.

खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. भिंतीच्या पायाबद्दल मी काहीच सांगणार नाही, कारण ती भिंत घालूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी धरण आज किती सुरक्षित आहे ते बघा, मग पाणी नेमकं कुठे कमी पडतं ते शोधा. साठा वाढवण्याचा विचार त्यानंतरचा.

जागा न बघता लिहितो आहे, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. भराव कोणत्या मातीचा आहे, आत चिकण मातीचा गाभा आहे की सगळा भराव एकाच मातीचा, पाया खडकावर आहे की मुरमावर, पाइप लोखंडी की सिमेंटचा, धरणाच्या खाली किती अंतरावर घरं आहेत, यावर उत्तराचे तपशील बदलतील. मूळ दिशा बदलणार नाही.

सांडव्यापासून सुरू करू. मातीच्या धरणाला माथ्यावरून पाणी गेलेलं सोसत नाही. काँक्रीटच्या बंधाऱ्यावरून दोन फूट पाणी गेलं तरी तो बहुधा टिकतो. मातीच्या भरावावरून वीतभर पाणी गेलं की खालच्या उताराची माती खरवडायला लागते, पायथ्याशी खड्डा पडतो, तो खड्डा मागे मागे सरकत माथ्यापर्यंत येतो आणि मग काही करता येत नाही. जगभर फुटलेल्या मातीच्या धरणांचे जे अभ्यास झाले आहेत त्यांत दोन कारणं बाकी सगळ्यांच्या कितीतरी पुढे आहेत: सांडवा अपुरा पडून पाणी माथ्यावरून जाणं आणि आतल्या आत माती वाहून जाणं. तुमच्या प्रस्तावित भिंतीने हे दोन्ही धोके एकाच वेळी वाढतात.

कसं ते तुमच्याच आकड्यांवर बघू. सांडवा ३ मीटर रुंद आहे, सांडव्याच्या पातळीपासून धरणाचा माथा १.२ मीटर वर आहे आणि पाणलोट साधारण ६० हेक्टर आहे. समजा ताशी ८० मिलिमीटर या वेगाने पाऊस झाला आणि त्यातला निम्मा जमिनीवरून वाहून आला. पावसाचा ताशी वेग (मिलिमीटर) गुणिले हेक्टर गुणिले वाहून येणारा हिस्सा भागिले ३६० केलं की प्रवाह घनमीटर प्रति सेकंदात मिळतो. तुमच्याकडे तो ६.७ घनमीटर प्रति सेकंद येतो. आता सांडव्यातून किती जाईल? सपाट, रुंद सांडव्यासाठी १.७ गुणिले रुंदी गुणिले पाण्याच्या खोलीचा दीड घात, हे सूत्र कामचलाऊ म्हणून चालतं. खोली पूर्ण १.२ मीटर धरली तर ६.७ घनमीटर जातात.

म्हणजे आज, भिंत नसताना, असा पूर तुमच्या सांडव्यातून जातो खरा, पण पाणी माथ्याच्या काठाला टेकवूनच. लाटांसाठी, माथा कुठे खचला असेल त्यासाठी, सांडव्यात झुडूप अडकलं तर त्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही. आता ६० सेंटिमीटरची भिंत घाला. खोली उरली ०.६ मीटर आणि सांडव्याची ताकद आली २.४ घनमीटरवर. उंची निम्मी झाली, पण वाहून नेण्याची क्षमता निम्म्याहून खूप खाली, जवळजवळ एक तृतीयांशावर घसरली. बाकीचं पाणी माथ्यावरून जाणार. तलावात पूर थोडा पसरतो, त्यामुळे शिखर थोडं कमी होतं, पण तलाव आधीच भरलेला असताना एवढ्या लहान साठ्यात त्यावर भरवसा ठेवू नये.

ताशी ८० मिलिमीटर हा मी हिशोबासाठी घेतलेला आकडा आहे. तुमच्या भागासाठी खरा आकडा हवामान खात्याच्या पावसाच्या नोंदींवरून काढावा लागेल. पाणलोट लहान असला की पूर अर्ध्या-पाऊण तासात येतो, म्हणून दिवसभराचा पाऊस बघून चालत नाही, त्या अर्ध्या तासातला जोर बघायचा. निदान शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर धरावा, आणि खाली घरं असतील तर त्याहून मोठा. पाण्याची खोली ०.६ मीटरच्या आत ठेवून ६.७ घनमीटर वाहून न्यायचे तर सांडवा साडेआठ-नऊ मीटर रुंद लागतो. मी तुमच्या जागी असतो तर दगड आणि सिमेंट आणलंच आहे म्हणून ते सांडवा रुंद करून त्याचा तळ आणि कडा बांधून काढायला वापरलं असतं.

एक गोष्ट आवर्जून विचारतो: सांडव्यावर मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी लावली आहे का? लहान तलावांवर हे फार दिसतं. पहिल्याच मोठ्या पुरात त्या जाळीला पालापाचोळा, फांद्या, प्लास्टिक चिकटतं आणि बघता बघता तिची भिंत होते. असेल तर आजच काढा.

आता ओल. तलावातलं पाणी मातीच्या धरणातून थोडं झिरपतंच. पूर्ण कोरडं मातीचं धरण मी तरी बघितलेलं नाही. झिरपण्याला घाबरायचं नाही, पण ते कुठून येतं, किती येतं आणि सोबत माती आणतं का, हे माहीत असलं पाहिजे. तुमच्याकडे ती ओल पाइपाशी आहे, आणि मला काळजी वाटते ती या जागेमुळे.

भरावात पाइप घालताना त्याच्या अवतीभवतीची माती, विशेषतः पोटाखालची, नीट धुमसता येत नाही. रोलर तिथे पोचत नाही, हाताच्या धुमसाने जेवढं होईल तेवढं. त्यामुळे पाइपाच्या कडेने पाण्याला आयती वाट मिळते. पाणी त्या वाटेने मातीचे कण सुटे करत नेतं, वाट थोडी मोठी होते, पाण्याचा वेग वाढतो, अजून माती जाते. ही झीज खालच्या टोकापासून सुरू होऊन उलटी, तलावाकडे सरकते. वरून काही दिसत नाही. तलावापर्यंत वाट पोचली की तासांचा खेळ असतो. अमेरिकेतलं टेटन धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्यांदाच भरत असताना फुटलं. सकाळी सात-साडेसातला गढूळ गळती दिसली आणि दुपारी बाराच्या आत माथा कोसळला. ते ९० मीटरहून उंच धरण होतं, सगळी यंत्रं हाताशी होती, बुलडोझर भोकात माती लोटत होते, तरी थांबलं नाही. पानशेत १२ जुलै १९६१ रोजी फुटलं तेव्हाही भराव खचत गेला तो विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या, मोरीवरच. तुमचं धरण यांच्यापुढे अगदी लहान आहे. पण पाइप आणि माती यांच्यामधली फट लहान धरणातही तशीच असते, आणि लहान धरण बांधताना देखरेख सहसा कमीच झालेली असते.

पाण्याची पातळी ६० सेंटिमीटरने वाढली की या वाटेवरचा दाब वाढतो. धरण ज्या पातळीपर्यंत इतकी वर्षं भरत आलं तिथपर्यंतचाच त्याचा अनुभव आहे. त्यावरचा प्रत्येक नवा हात म्हणजे धरणासाठी नव्याने पहिलं भरणं, आणि आतली झीज सुरू होण्याचे प्रसंग पहिल्या भरण्यात सर्वांत जास्त असतात.

पाइपाचा व्हॉल्व कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाही. कृपया बघा. तो तलावाच्या बाजूला, विहिरीत किंवा पाण्याकडच्या तोंडाशी असेल तर बंद केल्यावर भरावातला पाइप रिकामा राहतो. तो फक्त खालच्या बाजूला असेल, आणि जुन्या खासगी धरणांवर बहुतेक तसंच असतं, तर तुमच्या भरावाच्या पोटात चोवीस तास दाबाखालचा पाइप आहे. लोखंडी पाइप गंजून त्याला सुईएवढं भोक पडलं तरी तिथून पिचकारी थेट मातीत मारते. व्हॉल्व तलावाच्या बाजूला असेल तर तो दोन दिवस बंद ठेवून ओल कमी होते का बघा. कमी झाली तर पाइप गळतो आहे. फरक पडला नाही तर पाणी पाइपाच्या बाहेरून येतं आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आता ही ओल मोजायची कशी. ओलीच्या जागेखाली हातभर लांबीची पन्हळ अशी बसवा की सगळं पाणी एका ठिकाणी पडेल, खाली १० लिटरची बादली ठेवा आणि भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघा. वहीत तारीख, सेकंद, तलावाची पातळी आणि आदल्या दोन दिवसांतला पाऊस लिहा. आठवड्यातून एकदा पुरे, पावसाळ्यात रोज. तलावाची पातळी मोजायला खुणा केलेला एक लोखंडी अँगल पाण्यात रोवा. पातळी तीच, पाऊस नाही, तरी बादली आधीपेक्षा लवकर भरायला लागली, तर आत काहीतरी बदललं आहे. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही, बदलाला आहे. म्हणून वही महत्त्वाची.

दुसरी परीक्षा काचेच्या बरणीची. ते पाणी स्वच्छ बरणीत भरून रात्रभर हलवू नका. सकाळी बरणी उचलायच्या आधी खालून बघा. तळ स्वच्छ असेल तर पाणी नुसतंच येतं आहे. बारीक मातीचा थर बसला असेल तर तुमचं धरण त्या पाण्यातून थोडं थोडं बाहेर चाललं आहे. ओलीच्या जागी बसूनही निरखून बघा. मी अशा ठिकाणी बघतो ते डबक्याच्या तळाशी. पाणी उकळी फुटल्यासारखं वर येत असेल आणि त्याच्याभोवती धुतलेल्या वाळूचा, मधे भोक असलेला, बोटभर उंचीचा ढीग जमला असेल, तर ती वाळू पायाखालून किंवा भरावातून आलेली आहे. ढीग हाताने मोडा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा. पुन्हा तयार झाला असेल तर वाट बघू नका.

अशा वेळी काय करायचं आणि काय नाही, हे नीट लक्षात ठेवा. गढूळ पाणी बाहेर येणारं तोंड खालच्या बाजूने चिकण मातीने, सिमेंटने किंवा प्लास्टिकने कधीही बुजवू नका. गळती दिसली की प्रत्येकाचा हात तिकडेच जातो, आणि नुकसान त्यानेच होतं. बाहेर पडायची वाट बंद झाली की पाण्याचा दाब भरावाच्या आत वाढतो आणि पाणी दुसरीकडून, बहुधा जास्त मोठं तोंड करून बाहेर येतं. करायचं हे: तोंडावर आधी स्वच्छ जाडी वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी आणि दगड असे थर टाका. पाणी येत राहिलं पाहिजे, माती अडली पाहिजे. प्रवाह जोरात असेल आणि वाळूच वाहून जात असेल तर आधी दगड-खडी टाकून जोर मोडा, मग वाळू टाका. त्याच वेळी तलाव उतरवायला लागा आणि खाली राहणाऱ्या लोकांना कळवा. एक ट्रॉली जाडी वाळू आणि दोन ट्रॉली खडी पावसाळ्याआधी धरणाच्या पायथ्याशी आणून ठेवा. रात्री पावसात कोणी आणून देत नाही.

तलाव उतरवायचा तर पाइप पुरेसा लागतो. व्हॉल्व गंजून अडकला असेल तर माथ्यावरून पाइप टाकून सायफनने पाणी काढता येतं, पण पाण्याच्या पातळीपासून पाइपाचा सर्वांत उंच भाग फार वर असून चालत नाही. पाच-सहा मीटरपर्यंत ठीक जमतं. तातडी नसेल तेव्हा तलाव दिवसाला एक फुटापेक्षा जास्त उतरवू नका. आतला उतार भिजून जड झालेला असतो, समोरचा पाण्याचा आधार एकदम गेला तर तो घसरतो.

पाइपाच्या कडेच्या गळतीवर कायमचा इलाज म्हणजे खालच्या बाजूला पाइपाभोवती जाड्या वाळूचा पट्टा. तलाव उतरवून, खालच्या बाजूने खोदून, पाइपाच्या चारही बाजूंना ठरावीक प्रतवारीच्या (म्हणजे ठरावीक आकाराच्या कणांच्या) वाळूची भिंत घालतात आणि त्यातलं पाणी निचऱ्याच्या नळीने बाहेर काढतात. पूर्वी पाइपाला काँक्रीटच्या कॉलर घालायची पद्धत होती. त्या कॉलरच्या बगलेतही माती नीट धुमसली जात नसे, त्यामुळे आता वाळूच्या गाळणीवरच भर असतो. हे काम अनुभवी अभियंत्याच्या देखरेखीशिवाय करू नका, कारण वाळूची प्रतवारी तुमच्या भरावाच्या मातीवरून ठरते आणि भरलेल्या तलावाखाली खोदणं जिवावर बेतू शकतं.

झाडांबद्दल थोडक्यात. मनगटाहून बारीक झुडपं बुंध्याशी कापून टाका आणि पुन्हा फुटू देऊ नका. मोठी झाडं नुसती तोडून मोकळं होऊ नका. मुळं जमिनीत कुजतात आणि काही वर्षांनी त्यांच्या जागी नळ्या उरतात. तलाव खाली असताना खोड मुळांसकट काढून, खड्डा उतरता रुंद करून, १५-२० सेंटिमीटरच्या थरांत चिकण माती ओलसर करून धुमसत भरावी लागते. पाइपाजवळची आणि खालच्या पायथ्याजवळची झाडं आधी. गवत राहू द्या, ते भरावाचं रक्षण करतं, फक्त कापून आखूड ठेवा. उंच गवतात घुशीची आणि खेकड्यांची बिळं दिसत नाहीत, ओलही दिसत नाही.

माथाही मोजून बघा. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घ्या आणि दर दहा मीटरवर माथ्याची उंची सांडव्याच्या पातळीच्या तुलनेत लिहा. वर्षानुवर्षं बसत आलेला भराव मधोमध, म्हणजे जिथे तो सर्वांत उंच असतो तिथे, वीत-दीड वीत खाली गेलेला सापडतो. तुमची १.२ मीटर मोकळी उंची कुठे मोजलेली आहे? सांडव्याच्या शेजारी मोजली असेल तर मधे ती ०.९ असू शकेल, आणि मग वरचा सगळा हिशोब आणखी वाईट होतो.

इथवरचा क्रम असा: जाळी काढणं, माथा मोजणं, ओल मोजायला सुरुवात, वाळू-खडी आणून ठेवणं हे या पावसाळ्याआधी, सांडवा रुंद करणं जमल्यास आधीच, नाहीतर पहिल्या कोरड्या हंगामात, झाडं आणि पाइप तलाव उतरला की.

आता पाण्याच्या तुटीकडे येतो. साठ घरं, तीनशे माणसं, माणशी ७० लिटर धरले तर रोज २१ घनमीटर. पावसाविना २४० दिवस काढायचे तर पाच हजार घनमीटर. तुमच्या तलावाचा पसारा तुम्ही एक हेक्टर सांगितला आहे आणि सांडव्याच्या पातळीला खोली ५.८ मीटर आहे. खोलीच्या एक तृतीयांशाला पसाऱ्याने गुणलं की ढोबळ साठा निघतो, तो १९ हजार घनमीटरच्या आसपास येतो. कोरड्या हवेत उन्हाने दिवसाला ५ मिलिमीटर जातात असं धरा. पसारा आटत जातो म्हणून सरासरी ०.६ हेक्टर घेतला तरी सात हजार घनमीटर उन्हात जातात, म्हणजे लोक पितात त्याहून जास्त. दोन्ही मिळून बारा हजार झाले. कागदावर सात हजार उरायला हवेत आणि तुमच्याकडे तूट आहे. हे पाणी कुठे जातं ते शोधणं भिंत बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

मला तीन संशयित दिसतात. पहिला गाळ. एवढ्या वर्षांत तळ भरला असेल तर १९ हजार हा आकडाच खोटा आहे. होडीतून किंवा ट्यूबवरून दोरी सोडून खोली मोजा. दुसरी तीच ओल. १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरत असेल तर दिवसाला २१,६०० लिटर होतात. तुमच्या साठ घरांची पूर्ण एका दिवसाची गरज! करंगळीएवढी धार बघून हे खरं वाटत नाही, पण हिशोब करून बघा. हे पाणी स्वच्छ असेल तर पायथ्याशी हौद बांधून वापरात आणता येतं, अडवायची गरज नाही. तिसरा संशयित वितरणाचा पाइप. रात्री सगळे नळ बंद असताना टाकीत येणारं पाणी बंद करा, टाकीची पातळी खूण करून ठेवा आणि पहाटे बघा. खाली गेली असेल ते सगळं जमिनीत चाललं आहे.

गाळ निघाला तर तो काढणं हा साठा वाढवायचा चांगला मार्ग आहे, कारण खोली वाढते आणि उन्हाला मिळणारा पसारा तेवढाच राहतो. भिंतीने नेमकं उलटं होतं: वाढतो तो वरचा पसरट थर. पण गाळ काढताना धरणाच्या आतल्या पायथ्यापासून निदान तीस-चाळीस मीटर जागा सोडा आणि काळी चिकण माती संपून मुरूम किंवा वाळू दिसायला लागली की थांबा. तळाचा तो चिकण थरच तलाव धरून ठेवत असतो. तो फोडल्यावर तलाव खोल झाला पण पाणी टिकेना, असं झालेलं मी बघितलं आहे.

हे सगळं करूनही पाणी कमी पडलं तर धरणाची उंची वाढवता येते, पण ती पूर्ण धरणाची, सांडव्याची नव्हे. आतला उतार एकास तीन (एक मीटर उंचीला तीन मीटर आडवं), बाहेरचा एकास दोन आणि माथा तीन मीटर असेल तर सात मीटर उंचीला तळाची रुंदी ३८ मीटर असते. ६० सेंटिमीटर वाढवायचे तर ती ४१ लागते. बाहेरच्या उतारावरचं गवत आणि सैल माती खरवडून, पायऱ्या कापून, जुन्या-नव्या मातीत जोड बसेल असा थर-थर भराव चढवावा लागतो आणि गाभाही वर न्यावा लागतो. नुसती माथ्यावर माती टाकली की माथा अरुंद होतो आणि उतार उभे होतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरण असं टप्प्याटप्प्याने वाढवलेलं, साधारण बारा मीटर उंचीचं खासगी मातीचं धरण होतं. ६ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री, मोठ्या पावसानंतर ते फुटलं आणि खालची ३९ माणसं गेली. चौकशीत एकच कारण ठरवता आलं नाही. भिजलेल्या, फार उभ्या बाहेरच्या उताराचा तुकडा घसरला असावा आणि आतल्या झिजेचीही त्याला साथ मिळाली असावी, असा निष्कर्ष होता.

पाणी प्यायचं आहे म्हणून एवढंच: पाणी तळातून घेऊ नका, तरंगत्या तोंडाने पृष्ठभागाच्या अर्धा-एक मीटर खालून घ्या, गाळून घ्या आणि क्लोरिन दिल्यावर निदान अर्धा तास टाकीत राहू द्या. नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली क्लोरिन उतरू नये. गुरं तलावात उतरू नयेत म्हणून खाली वेगळा हौद द्या. त्याने भरावाचे उतारही शाबूत राहतात.

मालकीची जबाबदारीही लक्षात घ्या. इंग्लंडमधला १८६८ चा रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा प्रसिद्ध निकाल अशाच एका खासगी तलावाचा होता. मालकाने चांगले कारागीर लावले होते, स्वतः काही हयगय केली नव्हती, पण पाणी जुन्या खाणींच्या वाटेने शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं आणि भरपाई मालकालाच द्यावी लागली. नियम ठिकाणाप्रमाणे वेगळे असतात, तुमच्या इथले विचारून घ्या. पण धरण फुटलं तर पाणी कुठल्या घरांपर्यंत जाईल ते ओढ्याकाठाने चालत जाऊन बघा, त्या घरांचे फोन नंबर लिहून पंपाच्या खोलीत लावा आणि कोणी कोणाला फोन करायचा हे आधीच ठरवा.

मला पुढे नेमकं सांगता यावं यासाठी एवढं कळवा: दर दहा मीटरची माथ्याची उंची, बादली भरायचे सेकंद आणि त्या दिवशीची तलावाची पातळी, रात्रभर ठेवलेल्या बरणीच्या तळाचा फोटो आणि व्हॉल्व कुठे आहे ते. बरणीत माती दिसली तर मात्र माझ्या उत्तरासाठी थांबू नका. त्याच दिवशी तलाव उतरवायला सुरुवात करा आणि जवळच्या पाटबंधारे कार्यालयातून धरणाचं काम जाणणारा अभियंता जागेवर बोलवा.